जुन्या जीपची किंमत कशी ठरवावी?
चांगल्या राखलेल्या फोर बाय फोर गाडीचे मूल्य : कागद, लोखंड आणि अस्सलपणा यांचा हिशेब

अलिबाग : मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीवर नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये, वाड्याच्या पडवीत किंवा गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडखाली आजही एखादी जुनी जीप उभी दिसते. कधी काळी हीच गाडी घरातील एकमेव वाहन होती. नारळाची पोती, सुपारी, आजारी माणूस, निवडणुकीतील कार्यकर्ते आणि मुंबईहून आलेले पाहुणे यांची ने-आण तिनेच केली. घरातील कर्ता माणूस गेल्यावर या गाडीचे करायचे काय, असा प्रश्न वारसांपुढे उभा राहतो. भंगारवाला तिची किंमत किलोवर सांगतो. शनिवार-रविवारच्या मुक्कामासाठी अलिबाग परिसरात बंगला बांधणारा मुंबईकर त्याच गाडीसाठी अनेक पट पैसे मोजण्यास तयार असतो. या दोन टोकांमध्ये गाडीचे खरे मूल्य नेमके कोठे बसते, हे ठरविण्याची काही रीत आहे. ती ठाऊक नसल्यामुळे अस्सल गाड्या मातीमोल भावाने जातात आणि जोडतोड केलेल्या गाड्या ‘लष्करी विलीस’ म्हणून चढ्या भावाने विकल्या जातात.

नवीन मोटारीच्या बाबतीत दरवर्षी काही टक्के घसारा वजा केला की किंमत मिळते. पन्नास वर्षांच्या जीपला हा नियम लागू पडत नाही. तिची किंमत वयावर ठरत नाही. ती कोणत्या पिढीची आहे, तिच्यातील किती भाग मूळचे आहेत, तिला गंजाने किती खाल्ले आहे आणि तिची कागदपत्रे किती स्वच्छ आहेत, या चार गोष्टींवर ती ठरते. मूल्यांकनाचा क्रमही हाच असावा.

आधी ओळख, मग किंमत

आपल्याकडे चौकोनी नाकाची, उघड्या अंगाची प्रत्येक गाडी ‘जीप’ या एकाच नावाने ओळखली जाते. बाजारात मात्र तिच्या प्रत्येक पिढीचा भाव वेगळा असतो.

पहिली पिढी दुसऱ्या महायुद्धातील. अमेरिकन लष्करासाठी विलीस कंपनीने ‘एमबी’ आणि फोर्ड कंपनीने ‘जीपीडब्ल्यू’ या नावाने १९४१ ते १९४५ या काळात मिळून सुमारे साडेसहा लाख जीपगाड्या तयार केल्या. सरकारला त्या काळी एक गाडी साडेसातशे डॉलरहून कमी किमतीत पडत होती. २.२ लिटरचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, ६० अश्वशक्ती, तीन गिअर आणि ८० इंची व्हीलबेस ही तिची ठळक वैशिष्ट्ये. युद्ध संपल्यावर लष्कराने मागे ठेवलेल्या सामानाच्या विक्रीतून यांपैकी काही गाड्या खासगी मालकांकडे आल्या.

दुसरी पिढी नागरी जीपची. १९४५ मध्ये विलीसने ‘सीजे टू ए’ बाजारात आणली. त्यानंतर ‘सीजे थ्री ए’ आणि १९५३ मध्ये उंच बॉनेटची ‘सीजे थ्री बी’ आली. या शेवटच्या गाडीचे बॉनेट उंच होण्यामागे नवे ‘हरिकेन’ इंजिन होते. त्यातील इनलेट व्हॉल्व्ह वरच्या बाजूला असल्याने इंजिनाची उंची वाढली आणि ते झाकण्यासाठी बॉनेटही उंच करावे लागले.

तिसरी पिढी महिंद्रची. १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने स्थापन झालेली कंपनी १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. १९४७ मध्ये तिने विलीसच्या ७५ जीपगाड्या सुट्या भागांच्या स्वरूपात मागविल्या आणि १९४९ पासून मुंबईत माझगाव येथे जुळणी सुरू झाली. उंच बॉनेटची ‘सीजे थ्री बी’ हीच पुढे कित्येक वर्षे भारतीय जीपचा चेहरा ठरली. कोकणातील जुन्या घरांत आढळणाऱ्या बहुसंख्य गाड्या याच वंशातील आहेत. नंतर आलेल्या डिझेल गाड्यांपैकी प्यूजो कंपनीच्या रचनेचे इंजिन असलेली ‘एमएम ५४०’ विशेष लोकप्रिय झाली.

यांखेरीज जबलपूरच्या लष्करी वाहन कारखान्यात निसानच्या रचनेवर तयार झालेली ‘जोंगा’ ही सहा सिलिंडरची, जवळजवळ चार लिटर इंजिनाची दणकट गाडी लष्कराच्या लिलावांतून नागरी मालकांपर्यंत पोहोचली. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सीही आता संग्राहकांच्या यादीत जाऊ लागली आहे.

अस्सल लष्करी जीप ओळखण्याच्या खुणा

किमतीतील सर्वांत मोठी तफावत पहिल्या पिढीची गाडी आणि तिच्यासारखी दिसणारी गाडी यांच्यात असते. म्हणून पुढील खुणा तपासल्याशिवाय ‘विलीस’ हा शब्द हिशेबात धरू नये.

लष्करी जीपच्या पुढील जाळीला नऊ उभ्या फटी असतात, तर नागरी ‘सीजे’ मालिकेला सात. लष्करी गाडीचे पुढचे दिवे बिजागरीवर बसविलेले असून ते उलटे फिरवून इंजिनावर प्रकाश पाडता येतो. तिला मागे उघडणारी फळी नसते आणि जादा चाक मागच्या पत्र्यावर असते. नागरी ‘सीजे टू ए’ला मागे उघडणारी फळी असते आणि जादा चाक बाजूला असते. लष्करी गाडीची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते.

विलीस आणि फोर्ड यांच्यातील फरक चासीवर दिसतो. पुढच्या बाजूचा आडवा दांडा विलीसमध्ये गोल नळीचा असतो, तर फोर्डमध्ये तो गोल नसून चौकोनी घडणीचा असतो. फोर्डच्या अनेक भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरही इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर कोरलेले असते. इंजिन क्रमांकाच्या सुरुवातीला विलीससाठी ‘एमबी’ आणि फोर्डसाठी ‘जीपीडब्ल्यू’ ही अक्षरे येतात. फोर्डचा चासी क्रमांक डाव्या दांड्याच्या वरच्या बाजूवर ठोकलेला असतो, तर विलीसचा क्रमांक बंपरमागे डाव्या दांड्याच्या आतील बाजूस पट्टीवर असतो.

या खुणा जुळल्या, तरी त्या एकाच गाडीच्या आहेत का, हा प्रश्न उरतो. जीपचे भाग एकमेकींत बसतात. हा तिचा मोठा गुण आणि मूल्यांकनातील मोठी अडचणही. विलीसची जाळी, महिंद्रचे इंजिन आणि नव्याने घडविलेली बॉडी अशी ‘तीन घरची’ गाडी सहज तयार होते. हरियाणातील मंडी डबवाली येथे जीपच्या नव्या बॉडी आणि संपूर्ण गाड्या बांधून देण्याचा मोठा व्यवसाय आहे. अशी गाडी चालविण्यास चांगली असू शकते, परंतु ती १९४४ ची नव्हे. तिचे मूल्य नव्याने बांधलेली गाडी म्हणूनच धरले पाहिजे.

किनाऱ्याचा गंज

रायगडच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खारा वारा वाहतो. पुणे किंवा नाशिकच्या कोरड्या हवेत राहिलेली गाडी आणि मुरूडच्या वाडीत राहिलेली गाडी वरून सारखी दिसली, तरी त्यांच्या पोटात मोठे अंतर असते. येथील मूल्यांकनात म्हणूनच गाडीखाली आडवे होऊन पाहण्याला पर्याय नाही.

लष्करी विलीसच्या तळपत्र्याखालील आधाराच्या पट्ट्यांमध्ये लाकडाचे ठोकळे बसविलेले असत. हे लाकूड पाणी धरून ठेवते आणि पत्रा आतून कुजतो. वरून रंग शाबूत दिसतो, पण बोटाने दाबले की पापुद्रा निघतो. याशिवाय पाय ठेवण्याची जागा, अवजारांच्या पेटीचा तळ, टाकीची खाच, चासीचा मागचा आडवा दांडा आणि कमानपाटे जेथे अडकविलेले असतात ते कान या पाच जागा हमखास पाहाव्यात. छोट्या हातोडीने ठोकल्यावर सुदृढ लोखंड खणखणते, तर सडलेले बद्द वाजते. पुट्टी भरलेला पत्रा साध्या लोहचुंबकानेही ओळखता येतो, कारण पुट्टीवर चुंबक धरत नाही.

पावसाळ्यापूर्वी चासीला जुने ऑइल मारण्याची प्रथा कोकणात सर्वत्र आहे. त्याने लोखंडाचे काही अंशी रक्षण होते. मात्र विक्रीच्या तोंडावर मारलेले ताजे ऑइल गंज झाकतही असते. अशा वेळी चासी धुऊन घेतल्याखेरीज भाव करू नये. जी गाडी वाळूत किंवा भरतीच्या पाण्यात नेली गेली आहे, तिच्या चासीच्या पोकळीत, ब्रेकच्या ड्रममध्ये आणि पुढच्या ॲक्सलच्या सांध्यांत मीठ अडकून राहते. किनाऱ्यावर गाडी पळवितानाची छायाचित्रे विक्रेता कौतुकाने दाखवत असेल, तर खरेदीदाराने ती वजावटीची नोंद समजावी.

३ जून २०२० रोजी अलिबाग-श्रीवर्धन परिसराला ‘निसर्ग’ चक्रीवादळाचा तडाखा बसला. असंख्य घरांचे आणि शेडचे पत्रे उडाले, वाड्यांतील झाडे आडवी झाली. त्या काळात या भागात असलेल्या गाडीवर झाड किंवा छप्पर कोसळले होते का, ती किती दिवस उघड्यावर भिजत होती, हा प्रश्न विचारणे अप्रस्तुत नाही. काचेची चौकट किंवा मडगार्ड नव्याने बसविलेले असल्यास त्याचे कारण अनेकदा तेथेच सापडते.

यंत्राची परीक्षा

जुन्या जीपचे इंजिन दुरुस्त होऊ शकते. सडलेली चासी सहसा पूर्ववत होत नाही. म्हणून यंत्रातील दोष दुरुस्तीच्या खर्चाइतकेच वजा करावेत, त्याहून जास्त नव्हे.

इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलेली गाडी खरी प्रकृती सांगत नाही. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. युद्धकालीन विलीस इंजिनात ते सुमारे ११० पौंडांच्या आसपास अपेक्षित असते, पण आकड्यापेक्षा चारही सिलिंडरमधील सारखेपणा अधिक महत्त्वाचा आहे. गाडी चढावर नेऊन ‘फोर बाय फोर’ आणि ‘लो’ हे दोन्ही लिव्हर टाकून पाहावेत. ताण आल्यावर गिअर सुटत असेल, तर ट्रान्सफर केसचे काम निघणार हे निश्चित. अनेक जीपचा पुढचा प्रॉपेलर शाफ्ट पेट्रोल वाचविण्यासाठी काढून ठेवलेला असतो. तो घरात आहे की भंगारात गेला, हे विचारावे. पुढच्या चाकांना शक्ती देणारे भाग गहाळ असल्यास ‘फोर बाय फोर’ म्हणून मागितलेली किंमत लागू होत नाही.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि असंख्य जीपमध्ये डिझेल इंजिने बसविली गेली. त्या काळातील गरज म्हणून तो निर्णय शहाणपणाचा होता, परंतु संग्राहकाच्या दृष्टीने गाडीचे मोल त्यामुळे घटते. मूळ पेट्रोल इंजिन घराच्या कोपऱ्यात पडून असेल, तर ते कदापि भंगारात देऊ नये. मूळ क्रमांकाचे ते इंजिन गाडीसोबत गेल्यास भावात लक्षणीय फरक पडतो.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलचाही विचार आता करावा लागतो. २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल देशभर उपलब्ध झाल्यानंतर जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, पंपाचे पडदे आणि कार्ब्युरेटरमधील वायसर यांवर त्याचा परिणाम होतो. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. किनाऱ्यावर महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत त्यामुळे पाणी जमून गंज धरतो. हे भाग बदललेले असतील, तर त्याची पावती विक्रेत्याने जपून ठेवावी.

कागदाचे मोल

जीपच्या व्यवहारात सर्वाधिक फसगत होते ती कागदपत्रांत. उत्तम स्थितीतील पण नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. तिची किंमत शोभेच्या वस्तूइतकीच राहते.

खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने २० वर्षांहून जुन्या वाहनांच्या नूतनीकरणाचे शुल्क वाढविले. त्यानुसार हलक्या मोटार वाहनासाठी १० हजार रुपये आणि आयात केलेल्या चारचाकीसाठी ८० हजार रुपये आकारले जातात. दिल्ली व परिसर यातून वगळण्यात आला आहे. विलंब झाल्यास दंडाची रक्कम वेगळी. राज्याचा पर्यावरण कर आणि उच्च सुरक्षा नोंदणी पाटी यांचा खर्चही त्यात मिळवावा लागतो. दहा वर्षे नूतनीकरण न झालेली गाडी ‘कागद आहेत’ एवढ्या आश्वासनावर घेणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

परिवहन कार्यालयातून गाडीचा नोंदणी उतारा, म्हणजेच ‘बी एक्स्ट्रॅक्ट’, काढून घ्यावा. त्यावरील इंजिन व चासी क्रमांक, इंधनाचा प्रकार, आसनसंख्या आणि रंग गाडीशी ताडून पाहावेत. जुन्या नोंदणी पुस्तकावर ‘कुलाबा’ जिल्हा असे लिहिलेले आढळल्यास गोंधळून जाऊ नये. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. उलट असे पुस्तक म्हणजे गाडी चाळीसहून अधिक वर्षे याच भागात असल्याचा पुरावा होय. जिल्हावार ‘एमएच’ क्रमांक १९८९ नंतर आले. त्याआधीचा मूळ क्रमांक टिकून असणे ही संग्राहकांना मोह घालणारी गोष्ट आहे.

मालकाचे निधन झाले असेल, तर वारसाने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना क्रमांक ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात अनेक घरांत गाडी अजूनही आजोबांच्याच नावावर असते. सर्व वारसांची संमती जमवून नाव लावून घेतले, तर विक्रेत्याच्या पदरात पडणारी रक्कम वाढते. हे काम खरेदीदारावर सोपविल्यास तो त्या जोखमीची भरपाई भावातूनच कापून घेतो.

गाडीत केलेल्या फेरबदलांचा प्रश्नही गंभीर आहे. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. नोंदणीत पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, अशी स्थिती असल्यास गाडीचे नूतनीकरण अडू शकते. युद्धकालीन गाड्यांचे स्टीअरिंग डावीकडे असते. अशी गाडी चालविण्यासाठी चालू स्थितीतील दिशादर्शक यंत्रणा असणे मोटार वाहन कायद्याने बंधनकारक आहे.

‘विंटेज’ नोंदणी : मान की बंधन?

‘विंटेज’ हा शब्द जाहिरातींत सैलपणे वापरला जातो. त्याची सरकारी व्याख्या जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आली. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेले, मूळ रूपात राखलेले आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेले दुचाकी व चारचाकी वाहन विंटेज ठरते. १९७५ मध्ये नोंदणी झालेली जीप २०२५ मध्ये या वयाला पोहोचली. १९८५ ची जिप्सी कितीही देखणी असली, तरी या व्याख्येत बसत नाही.

अशा नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षांसाठी असते. पुढील नोंदणीस ५ हजार रुपये लागतात. नव्याने नोंदविलेल्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला आपला मूळ क्रमांक ठेवता येतो.

या मानाबरोबर बंधनही येते. विंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज मोटारींची फेरी, तेथे जाणे-येणे, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा व्यावसायिक वापरास मनाई आहे. मुंबईतील संग्राहकाला यात काही अडचण नाही. नागाव किंवा दिवेआगरच्या बागायतदाराला मात्र त्याच गाडीतून नारळ बाजारात न्यायचे असतात. त्याने ही नोंदणी घेतली, तर गाडीची प्रतिष्ठा वाढेल पण उपयोग संपेल. म्हणून विक्रीचा विचार असणाऱ्या मालकाने घाईने विंटेज नोंदणी करू नये. गाडी पात्र आहे एवढे कागदोपत्री सिद्ध ठेवावे आणि निवड खरेदीदारावर सोडावी, हे अधिक फायद्याचे ठरते.

प्रत्यक्ष हिशेब

ओळख, गंज, यंत्र आणि कागद यांची तपासणी झाल्यावरच आकडेमोडीला बसावे. पहिली पायरी म्हणजे त्याच प्रकारच्या, त्याच काळातील किमान तीन गाड्यांचे व्यवहार शोधणे. येथे मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत फरक करणे अत्यावश्यक आहे. जाहिरातीतील आकडा ही विक्रेत्याची इच्छा असते, तर व्यवहारातील आकडा ही बाजाराची साक्ष असते. अमेरिकेतील लिलावांचे दर डॉलरचा गुणाकार करून येथे लावणेही चुकीचे आहे. तेथील सुटे भाग, वाहतूक, सीमाशुल्क आणि नोंदणीचे नियम सर्वस्वी वेगळे आहेत.

दुसरी पायरी म्हणजे आपल्या गाडीतील उणिवांचा खर्च मांडणे. रीत समजावी म्हणून पुढील उदाहरण घेता येईल. त्यातील आकडे काल्पनिक असून ते बाजारभाव नव्हेत. समजा, चालू कागदपत्रांच्या, सुस्थितीतील महिंद्र ‘सीजे थ्री बी’ पेट्रोल जीपचे तीन व्यवहार सरासरी ६ लाख रुपयांना झाले.

- तुलनेसाठी आधारभूत किंमत : ६,००,००० रुपये
- तळपत्रा व आधारपट्ट्यांचे काम : ७०,००० रुपये वजा
- ब्रेक व स्टीअरिंग : ३०,००० रुपये वजा
- पाच टायर : ४०,००० रुपये वजा
- वायरिंग : २०,००० रुपये वजा
- मूळ नोंदणी पुस्तक, जुन्या पावत्या, जॅक व अवजारे : ४०,००० रुपये अधिक
- अंदाजित मूल्य : ४,८०,००० रुपये

जुन्या गाडीला एकच अचूक किंमत नसते. म्हणून या आकड्याच्या दोन्ही बाजूंना दहा टक्के अंतर ठेवून ४ लाख ३२ हजार ते ५ लाख २८ हजार असा पट्टा धरावा. खालचा आकडा ही विक्रेत्याची लक्ष्मणरेषा आणि वरचा आकडा ही खरेदीदाराची. याच गाडीची नोंदणी संपलेली असती, तर नूतनीकरणाचे शुल्क, दंड आणि काम अडण्याची जोखीम आणखी वजा झाली असती.

तिसरी पायरी उलट तपासणीची. गाडी मोडक्या स्थितीत घेऊन, तिची संपूर्ण दुरुस्ती करून ती याच अवस्थेला आणण्यास किती खर्च येईल, याचा अंदाज गॅरेजमधून घ्यावा. जुन्या गाडीच्या पुनरुज्जीवनाचा खर्च पुष्कळदा विक्रीच्या किमतीहून अधिक निघतो. तसे असल्यास, चांगल्या राखलेल्या गाडीसाठी थोडी जास्त किंमत मोजणे हाच स्वस्त सौदा असतो. मात्र मालकाने खर्च केलेला प्रत्येक रुपया किमतीत परत येईल, ही अपेक्षा बाजार पूर्ण करीत नाही. चकचकीत क्रोम, रुंद टायर आणि नवी आसने यांवरील खर्च संग्राहक जमेस धरत नाही. कित्येकदा तो त्यासाठी उलट रक्कम कापतो.

विक्रीपूर्वी नवा रंग देण्याचा मोह टाळावा, असेही यातून निष्पन्न होते. ऊन-पावसाने फिकटलेला पण कारखान्यातून आलेला रंग हा गाडीचा पुरावा असतो. नव्या रंगाखाली काय दडले आहे, ही शंका खरेदीदाराच्या मनात आली की भाव उतरतो. धुऊन स्वच्छ केलेली, गळती थांबविलेली आणि ब्रेक नीट लागणारी गाडी रंगविलेल्या गाडीपेक्षा अधिक विश्वास देते.

विमा आणि प्राप्तिकर

मूल्य निश्चित झाल्यावर ते विमापत्रात उतरणे आवश्यक असते. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीसाठी घसाऱ्याचे तक्ते आहेत. त्याहून जुन्या गाडीचे विमित मूल्य विमा कंपनी आणि मालक यांनी परस्परसंमतीने ठरवायचे असते. अनेक मालकांना हे ठाऊक नसते आणि विमापत्रावर नाममात्र रक्कम पडते. गाडी चोरीला गेली किंवा वादळात चिरडली गेली, तर भरपाई त्या नाममात्र रकमेचीच मिळते.

ठरलेली संपूर्ण रक्कम देणारे ‘मान्य मूल्य’ विमापत्र २००२ च्या भारतीय मोटार टॅरिफने विंटेज मोटारींपुरते ठेवले. त्यातील विंटेजची व्याख्या ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि ‘व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’ने प्रमाणित केलेली मोटार अशी आहे. विलीस ‘एमबी’चे उत्पादन १९४१ मध्ये सुरू झाले. म्हणजे युद्धात लढलेली जीपही या व्याख्येतून थोडक्यात निसटते. परिवहन नियमांतील ५० वर्षांची व्याख्या आणि विम्यातील ही व्याख्या भिन्न असल्याने जीपमालकाने छायाचित्रे, दुरुस्तीच्या पावत्या आणि परवानाधारक सर्वेक्षकाचा मूल्यांकन अहवाल विमा कंपनीपुढे ठेवून विमित मूल्य वाढवून घेणे, हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

विक्रीतून मिळालेल्या नफ्यावर कर लागतो का, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. वैयक्तिक वापराची मोटार भांडवली मालमत्तेत मोडत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मात्र २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका १९३१ च्या फोर्ड टूरर मोटारीच्या प्रकरणात करदात्याच्या विरोधात निकाल दिला. ती मोटार १९८३ मध्ये २० हजार रुपयांना घेतली गेली होती आणि पुढे २१ लाख रुपयांना विकली गेली. मोटार वैयक्तिक वापरास योग्य असणे पुरेसे नाही, ती प्रत्यक्ष वैयक्तिक वापरात होती हे सिद्ध झाले पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. वाडीतील जीप घरच्या कामासाठी खरोखर वापरात असेल, तर पेट्रोलच्या, दुरुस्तीच्या आणि विम्याच्या पावत्या त्याचा पुरावा ठरतात. त्या जपणे हे गाडी जपण्याइतकेच आवश्यक आहे.

विक्रीची वेळ आणि जागा

भाऊचा धक्का ते मांडवा ही वाहने नेणारी रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला. त्यामुळे मुंबईचा खरेदीदार गाडी पाहण्यासाठी सकाळी येऊन संध्याकाळी परतू शकतो. स्थानिक दलालाच्या एकाच बोलीवर व्यवहार उरकण्याची गरज त्यामुळे उरलेली नाही. दुसरीकडे, १५ वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू ठेवता येत नाही आणि ती वाहने मोडीत काढली जातात. सरकारी लिलावातून जुन्या जीपगाड्या बाजारात येण्याचा मार्ग त्यामुळे आक्रसला. घरोघरी राखलेल्या गाड्यांचे महत्त्व त्या प्रमाणात वाढले आहे.

खरेदीदाराने गाडी शक्यतो पावसाळ्यात किंवा तो संपताच पाहावी. गळती, ओल आणि गंज त्या काळात लपत नाहीत. विक्रेत्याने मात्र त्याआधी एक काम अवश्य करावे. गाडीच्या चारही बाजू, तळ, इंजिन, क्रमांकाच्या पट्ट्या आणि सर्व कागद यांची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत आणि गाडी कोणी, केव्हा, कोणाकडून घेतली, ही माहिती घरातील ज्येष्ठांकडून लिहून घ्यावी. ती सांगणारी माणसे गेली की गाडीचा इतिहास जातो आणि इतिहास गेला की किमतीचा एक मोठा हिस्साही त्याबरोबर जातो. भंगाराच्या काट्यावर गाडी चढविण्यापूर्वी एवढा हिशेब प्रत्येक घराने मांडून पाहणे हिताचे आहे.